अभ्यासक्रमाची फेरमांडणी आणि संगणकाची साधी साधने

अभ्यासक्रमात काय असावे याविषयी आपल्याकडे अभ्यासमंडळांच्या बैठकांपासून वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारापर्यंत पुष्कळ खल होतो. परंतु जे शिकवावयाचे ठरले ते कोणत्या क्रमाने शिकवावे, हा प्रश्न मात्र बहुधा पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेच्या हवाली करून सर्व संबंधित मंडळी मोकळी होतात. वस्तुतः वर्गात एखादा घटक विद्यार्थ्यांना दुर्बोध वाटतो, त्याचे कारण कित्येकदा त्या घटकाच्या अंगच्या काठिण्यात नसते. ज्या दुसऱ्या घटकाच्या आधारावर तो उभा राहावयाचा, तोच अद्याप शिकवून व्हावयाचा असतो. क्रमाचा विचार करणे, तो विचार व्यवस्थित मांडणे आणि परिस्थिती पालटताच ती मांडणी मोडून पुन्हा जुळविणे, ही कामे शिक्षकाच्या नित्य कर्तव्यांपैकी आहेत. आणि त्यांसाठी आज जी साधी, बहुतांशी विनामूल्य संगणकीय साधने उपलब्ध आहेत त्यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्रमाचा प्रश्न किती खरा आहे, हे पाहावयास दूर जावे लागत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाची २०१९ साली आलेली अकरावी विज्ञान शाखेची पाठ्यपुस्तके शेजारीशेजारी ठेवली, तर असे दिसते की भौतिकशास्त्रात एकके व मापन हे पहिले प्रकरण आटोपताच दुसऱ्याच प्रकरणात सदिश आणि कलनशास्त्र यांची तोंडओळख करून द्यावी लागली आहे, कारण पुढील प्रकरणातील गतीचे विवेचन त्यांवाचून करता येत नाही. उलट त्याच वर्षाच्या गणितात विकलन येते ते दुसऱ्या भागाच्या अगदी अखेरच्या प्रकरणात, आणि सदिशांचा सविस्तर विचार तर बारावीवर जातो. यात कोणत्याही ग्रंथकर्त्याला दोष देता येणार नाही. गणिताच्या दृष्टीने फलन, सीमा आणि सांतत्य यांच्या आधी विकलन येणे तितकेच गैर झाले असते. दोन्ही क्रम आपापल्या शास्त्रात रास्त आहेत. अडचण उत्पन्न होते ती एवढ्याचसाठी की दोन्ही तासांना बाकावर बसलेला विद्यार्थी एकच असतो.

शिक्षणशास्त्राने या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली. शिकागो विद्यापीठातील राल्फ टायलर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोटेखानी पण अत्यंत प्रभावी ग्रंथात अभ्यासाच्या मांडणीला सातत्य, अनुक्रम आणि एकात्मता अशा तीन कसोट्या लावल्या: महत्त्वाची कल्पना पुनःपुन्हा यावी, प्रत्येक वेळी ती पूर्वीपेक्षा खोल जावी, आणि एका विषयात मिळालेले ज्ञान दुसऱ्या विषयाशी सांधले जावे. पुढे १९६० साली जेरोम ब्रूनर यांनी सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली व एकच विषय वाढत्या वयाबरोबर वाढत्या गांभीर्याने पुन्हा हाती घेता येतो, असे प्रतिपादन केले. क्रमाविषयी तज्ज्ञांतही एकमत नसते, याचे एक मनोरंजक उदाहरण कॅनडातील गणितज्ञ जेम्स स्ट्युअर्ट यांच्या कलनशास्त्रावरील सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात सापडते. हे पुस्तक दोन रूपांत विकले जाते. एकात घातांकी व लघुगणकी फलने आरंभीच येतात, तर दुसऱ्यात ती संकलनानंतर येतात. विवेचन बव्हंशी तेच असताना केवळ क्रमभेदासाठी प्रकाशकाने दोन आवृत्त्या बाजारात ठेवाव्यात, यावरून अध्यापकांच्या मनात क्रमाला किती मोल आहे, याची कल्पना यावी.

आता या प्रश्नाची गणिती बाजू पाहू. अवघे १२ घटक असलेला अभ्यासक्रम घेतला, तरी ते घटक एकामागून एक मांडण्याचे ४७,९०,०१,६०० निरनिराळे प्रकार संभवतात. अर्थात त्यांतील बहुसंख्य प्रकार निरर्थक असतात, कारण काही घटक दुसऱ्यांच्या आधी येणे अपरिहार्य असते. समजा, हे १२ घटक चार-चार घटकांच्या तीन स्वतंत्र साखळ्यांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक साखळीतील क्रम ठरलेला आहे. तर ग्राह्य मांडण्यांची संख्या एकदम ३४,६५० वर उतरते, आणि सारे घटक एकाच साखळीत असतील तर मांडणी एकच उरते. म्हणजे शिक्षकाचे स्वातंत्र्य किती आणि कोठे आहे, हे घटकांच्या परस्परावलंबनावरून ठरते, आणि नियोजनाचा आरंभ या अवलंबनाची नोंद करण्यापासून व्हावयास हवा. ती नोंद झाली की क्रम लावण्याची रीत अगदी सोपी आहे. आर्थर कान यांनी १९६२ साली ती संगणकासाठी सांगितली, परंतु कागद-पेन्सिलीनेही ती तितकीच चालते. ज्या घटकाला कोणतीही पूर्वतयारी लागत नाही तो प्रथम लिहावा. मग इतर घटकांच्या पूर्वतयारीच्या यादीतून त्याचे नाव खोडावे. असे केल्याने जे नवे घटक मोकळे होतील त्यांतला एक पुढे लिहावा, आणि सारे संपेपर्यंत हेच करीत राहावे. मध्येच अडले आणि एकही घटक मोकळा होईना, तर कोठेतरी दोन वा अधिक घटक एकमेकांवर विसंबून बसले आहेत असे समजावे व त्यांतील एकाचे विभाजन करावे.

उदाहरणादाखल दोन श्रेयांकांचा प्राथमिक संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम घेऊ. सध्याच्या पद्धतीत एका श्रेयांकास अध्यापनाचे १५ तास धरले जातात, तेव्हा हाती ३० तास आले. सरासरी, प्रमाण विचलन, संभाव्यता, प्रसामान्य वितरण, नमुना-निवड, परिकल्पना चाचणी आणि सहसंबंध हे त्यातील ठळक घटक होत. परिकल्पना चाचणीला वितरण आणि नमुना-निवड या दोहोंचा आधार लागतो आणि वितरणाला संभाव्यतेचा. परंतु सहसंबंध मात्र सरासरी आणि विचलन एवढ्यावरच उभा राहू शकतो. पुस्तकात तो शेवटी आला असला, तरी संभाव्यतेच्या आधी नेऊन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष आकडेवारीवर लवकर हात फिरवू देणे सर्वस्वी शिक्षकाच्या अखत्यारीत आहे. हा एक घटक शेवटच्या स्थानावरून तिसऱ्या स्थानी न्यावयाचा, एवढेच काम पुढील साधनांची परीक्षा पाहण्यास पुरेसे आहे.

अशी हलवाहलव वर्षारंभीच एकदा करून भागत नाही. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तर उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात. मग अतिवृष्टीच्या सुट्या, गणेशोत्सव, दिवाळी, निवडणुकीची कामे, घटक चाचण्या आणि स्नेहसंमेलन यांतून जे तास हाती लागतात त्यांत शिक्षकांच्या बोलीतील ‘पोर्शन’ बसवावा लागतो. जुलै २०२० मध्ये साथीच्या काळात राज्य शासनाने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला, तेव्हा तर सुस्थितीत असलेली सारी वार्षिक नियोजने एका हुकुमासरशी रद्दबातल झाली. जो घटक वगळला त्याच्यावर पुढचे काय काय अवलंबून होते, हे ज्याच्या दप्तरी नोंदलेले होते त्याला फेरमांडणी करणे सोपे होते. इतरांना तो शोध आरंभापासून घ्यावा लागणे क्रमप्राप्तच होते.

मजकुराची हलवाहलव सुकर करण्याची विद्या संगणकापूर्वीही विद्वानांना अवगत होती. तिचे साधन म्हणजे सुटी चिठ्ठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह तयार झाला आणि त्यांच्या बळावर १९७६ मध्ये कोशाचा पहिला भाग प्रकाशात आला. शब्द वहीत ओळीने लिहिले असते, तर मध्ये एक नवा शब्द घालण्यासाठी पान फाडावे लागले असते. चिठ्ठीवर लिहिल्यामुळे प्रत्येक नोंद स्वतंत्र राहिली आणि क्रम हा त्या नोंदींचा बाह्य, केव्हाही बदलता येण्याजोगा धर्म झाला. अभ्यासक्रमाच्या नियोजनासाठी साधन निवडताना हीच एक कसोटी लावावी, असे मला वाटते: एक घटक उचलून दुसरीकडे ठेवण्यास हाताच्या किती हालचाली लागतात, आणि तो हलताना त्याचे उपघटक, तासिका व शेरे त्याच्याबरोबर जातात की मागे राहतात? ज्या साधनात ही क्रिया एकदोन हालचालींत होते ते साधन चांगले. बाकी रंग, चित्रे आणि आलेख हा सारा अलंकार होय.

या कसोटीस उतरणारा पहिला वर्ग म्हणजे श्रेणीबद्ध यादी, अर्थात आऊटलाइन, करणारी साधने. घटकाखाली उपघटक, त्याखाली मुद्दे, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना करावी, खालचा तपशील झाकून नुसती वरची नावे पाहावीत, आणि नाव हलविले की झाकलेला सारा परिवार त्याच्यामागे जावा, हे या साधनांचे वैशिष्ट्य. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेत जे ऐतिहासिक प्रात्यक्षिक करून दाखविले, त्यात बाजारहाटाची एक यादी घेऊन तिचे वर्गीकरण व उघडझाप त्यांनी पडद्यावर करून दाखविली होती. पुढे १९८३ साली डेव्ह वायनर यांच्या थिंकटँक या आज्ञावलीने ही सोय घरगुती संगणकांवर आणली. आज तिच्यासाठी निराळी खरेदी करण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये घटकांच्या नावांना शीर्षकाची शैली दिली की डाव्या बाजूच्या मार्गदर्शक पट्टीत ती नावे दिसू लागतात, आणि तेथे नाव धरून ओढले असता त्याखालचा सर्व मजकूर नव्या जागी जातो. एखादाच परिच्छेद वर-खाली न्यावयाचा असल्यास ऑल्ट आणि शिफ्ट दाबून बाणाची कळ वापरावी. विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये हेच काम एफ-५ कळीने उघडणारी नॅव्हिगेटर ही खिडकी करते. वर्कफ्लोई आणि डायनालिस्ट ही संकेतस्थळे तर केवळ याच कामासाठी निघाली असून मोबाइलवरही चालतात. उपरोक्त संख्याशास्त्रातील सहसंबंध, त्याच्या सर्व उपघटकांसह, येथे एका ओढीत तिसऱ्या स्थानी जातो.

यादीचा दोष असा की तिला बेरीज येत नाही. घटक पुढे आणला, पण त्यामुळे दिवाळीपूर्वीचे तास भरून वाहू लागले की काय, हे यादी सांगत नाही. ते सांगण्यासाठी तक्ता हवा. हिशेबाचा संगणकीय तक्ता १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कने लोकप्रिय केला आणि एक्सेल, गूगल शीट्स व लिब्रेऑफिस कॅल्क ही त्याचीच आजची रूपे होत. घटक-नियोजनासाठी सहा रकाने पुरतात: अनुक्रम, घटक, तासिका, तासिकांची चालती बेरीज, पूर्वतयारी आणि शेरा. गूगल शीट्समध्ये ओळीचा क्रमांक धरून ओळ ओढता येते. एक्सेलमध्ये ओळ निवडून, शिफ्ट दाबून तिची कड ओढावी, कारण शिफ्ट न दाबता ओढल्यास ती ओळ नव्या जागेवरील मजकुरावर बसू पाहते. लिब्रेऑफिसमध्ये शिफ्टचे काम ऑल्ट करते.

येथे अनुभवी लोक दोन युक्त्या सांगतात. पहिली अशी की अनुक्रम १, २, ३ असे न देता १०, २०, ३० असे द्यावेत. मग सहसंबंध तिसऱ्या स्थानी आणावयाचा असता त्याला २५ हा अंक देऊन सर्व तक्ता त्या रकान्यानुसार लावून घ्यावा, म्हणजे ओळी ओढण्याची दगदगच उरत नाही. दुसरी अशी की ओळींची अदलाबदल केल्यावर चालत्या बेरजेचे सूत्र पहिल्या ओळीपासून खालपर्यंत पुन्हा भरून घ्यावे, कारण ओळ हलताना सूत्रातील संदर्भही तिच्याबरोबर भलतीकडे जातात आणि बेरीज वरकरणी बरोबर दिसूनही चुकीची असू शकते. एवढी दक्षता घेतली, तर ३० तासांची मर्यादा कोणत्या घटकाशी ओलांडली जाते, हे तक्ता तत्काळ दाखवितो.

तिसरा वर्ग पाटीवरील कार्डांचा. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी कारखान्यातील कामाचा ओघ राखण्यासाठी कानबान नावाची कार्डांची पद्धत रूढ केली. तिच्या धर्तीवरील फलकाची सोय २०११ साली न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक कंपनीने ट्रेलो या नावाने संगणकावर आणली, आणि २०१७ मध्ये ती ॲटलासियन या कंपनीकडे गेली. पडद्यावर उभे रकाने असतात व त्यांत कार्डे लावलेली असतात. प्रत्येक आठवड्यास एक रकाना आणि प्रत्येक उपघटकास एक कार्ड असे योजले, की एका आठवड्याचे काम दुसऱ्या आठवड्यात ढकलणे म्हणजे कार्ड ओढणे, एवढेच उरते. कार्डाच्या पोटात टाचण, प्रश्नपत्रिका, दुवे इत्यादी ठेवता येतात. एकच विषय दोन-तीन तुकड्यांना निरनिराळे शिक्षक शिकवीत असतील, तर कोणती तुकडी कोठपर्यंत आली, हे सर्वांना एका दृष्टिक्षेपात कळते. हा या साधनाचा खरा उपयोग. मात्र कार्डांची संख्या वाढली की समग्र अभ्यासक्रम एकाच वेळी नजरेखाली येत नाही, म्हणून वर्षाच्या आखणीस यादी किंवा तक्ता आणि चालू महिन्याच्या व्यवहारास कार्डे, अशी वाटणी सोयीची ठरते.

याखेरीज ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी निर्माण केलेले आणि २००२ पासून सर्वत्र पसरलेले मूडल हे ऑनलाइन अध्यापनाचे व्यासपीठ अनेक महाविद्यालयांत असते. त्यात विषयाची मांडणी घटकवार करता येते व घटकांचे विभाग ओढून मागेपुढे नेता येतात. परंतु विभाग लपविलेला नसेल तर तेथील फेरफार विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडतो, म्हणून मसुदा इतरत्र पक्का करूनच तो तेथे उतरवावा. घटकांचे अवलंबन चित्ररूपाने पाहण्याची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी ग्राफविझ हे विनामूल्य साधन आहे: कोणता घटक कोणाच्या आधी, हे साध्या ओळींत लिहून दिले की बाणांचे चित्र ते आपोआप काढते, आणि ज्या घटकापासून सर्वाधिक बाण निघतात तो घटक सहजासहजी वगळता येणार नाही, हे डोळ्यांना दिसते. संगणकाशी सलगी असलेल्यांना ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ऑर्ग-मोड आवडेल. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या नोंदींसाठी ते रचले आणि त्याची सारी संपत्ती साध्या मजकुराच्या फाइलीत राहते.

साधन कोणतेही घेतले, तरी मराठी शिक्षकाने काही बाबतींत सावध राहावे. घटकांची नावे युनिकोड मराठीतच टंकावीत; जुन्या पद्धतीच्या फाँटांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असल्यामुळे तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य होतो, शोधता येत नाही आणि वर्णानुक्रमेही लावता येत नाही. घटकांच्या नावापुढे हाताने क्रमांक घालू नयेत, कारण घटक हलला की क्रमांक खोटा पडतो. क्रमांक देण्याचे काम यंत्रावर सोपवावे. आणि संकेतस्थळावरील साधन वापरण्यापूर्वी आपला मजकूर तेथून साध्या फाइलीच्या रूपात बाहेर काढता येतो की नाही, हे पाहून घ्यावे; अशा सेवा मालक बदलतात, शुल्क आकारू लागतात आणि केव्हा केव्हा बंदही पडतात, परंतु शिक्षकाचे नियोजन दहा-पंधरा वर्षे टिकावे, ही अपेक्षा रास्त आहे.

शेवटी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ही सर्व साधने घटक हलवितात; तो हलवावा की नाही, हे त्यांना कळत नाही. सहसंबंध परिकल्पना चाचणीच्या आधी गेला काय किंवा मागून आला काय, यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही, आणि कोणी चुकून संभाव्यतेच्या आधी वितरण ठेवले तरी तक्ता बेरीज बिनचूकच करील. म्हणून वर सांगितलेल्या रकान्यांपैकी पूर्वतयारी आणि शेरा हे दोन रकाने रिकामे ठेवण्याचा मोह आवरला पाहिजे. घटक का हलविला, हलविल्याने वर्गात काय झाले, कोणता प्रश्न विद्यार्थ्यांना अडला, हे दोन ओळींत त्याच वेळी लिहून ठेवले, तर पुढील वर्षी नियोजन करणाऱ्याला, मग तो आपणच असू किंवा आपल्या जागी आलेला नवखा सहकारी असो, मागचा क्रम आणि त्यामागील कारणे दोन्ही एकत्र मिळतात. हलविण्याची क्रिया इतकी स्वस्त झाल्यावर नित्य हलवीत राहण्याचेही एक व्यसन जडते. तेव्हा सत्रारंभी आणि दिवाळीच्या सुटीनंतर अशा दोन मुदती फेरमांडणीसाठी मुक्रर कराव्यात व मधल्या काळात अगदी निकड असेल तरच क्रमाला हात लावावा. ज्याला हे नव्याने सुरू करावयाचे आहे त्याने सॉफ्टवेअरच्या शोधात वेळ न दवडता, आपल्या संगणकावर आजच जो तक्ता आहे तो उघडून, एकाच विषयाचे घटक आणि प्रत्येकाची पूर्वतयारी त्यात लिहून काढावी. याहून मोठे साधन लागते की काय, याचा निर्णय एक सत्र गेल्यावर त्या तक्त्यातील शेऱ्यांवरूनच घेता येईल.